गच्चीनंतर वर कुठे जायचं? हवामान बदलामुळे प्राणी खरंच नामशेष होतात का?

ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्या मधल्या समुद्रात ब्रॅम्बल के नावाचं एक वाळूचं बेट आहे. लांबी साडेतीनशे मीटरच्या आसपास, उंची समुद्रापासून फार तर तीन मीटर. चालायला लागलं की पाच-सात मिनिटांत बेट संपतं. तिथे मेलोमिस नावाचा एक तपकिरी उंदीर राहायचा. जगात दुसरीकडे तो कुठेही सापडलेला नाही. १९७८ मध्ये त्यांची संख्या काहीशे होती असा अंदाज आहे. बेटावर खुरट्या वनस्पती होत्या, त्यांत आपल्याकडची घोळीची भाजीसुद्धा. तोच या उंदराचा आडोसा आणि तेच त्याचं ताट.

२००४ मध्ये बेटावर सव्वापाच एकर हिरवळ होती. मार्च २०१४ मध्ये मोजली तेव्हा साडेसहा गुंठे उरली होती. वादळं आणि उधाणाचं खारं पाणी वारंवार आत घुसत राहिलं आणि दहा वर्षांत ९७ टक्के हिरवळ गेली. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संशोधकांनी बेटावर सापळे लावले. एक सापळा एक रात्र, असा हिशोब धरला तर नऊशे रात्री. कॅमेरे लावले, दिवसाउजेडी कानाकोपरा धुंडाळला. एकही उंदीर मिळाला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने मेलोमिस नामशेष झाल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. माणसाने घडवलेल्या हवामान बदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून तो आता ओळखला जातो.

ही गोष्ट सांगितली की समोरचा माणूस हमखास विचारतो, “एका वाळूच्या बेटावरचा एक उंदीर. एवढ्यावरून हवामान बदलामुळे प्राणी संपतात असं म्हणायचं?” प्रश्न रास्त आहे. उत्तर ‘हो’ असंच आहे, पण त्या ‘हो’च्या पोटात बरंच काही आहे.

## आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

पहिला शब्द ‘नामशेष’. एखाद्या जातीचा शेवटचा जीवही मेला आहे याबद्दल वाजवी शंका उरली नाही, की ती जात नामशेष धरली जाते. हे ठरवायला अनेकदा वर्षानुवर्षं जातात, कारण ‘दिसला नाही’ आणि ‘उरला नाही’ यांत फरक आहे. त्याच्या अलीकडची पायरी म्हणजे स्थानिक नामशेष होणं. प्राणी जगात कुठेतरी आहे, पण आपल्या डोंगरावरून किंवा आपल्या तळ्यातून गेला. चित्ता आफ्रिकेत होता, पण भारतातून संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं, तसं.

दुसरा शब्द ‘हवामान’. मराठीत आजच्या उकाड्यालाही हवामान म्हणतात आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही. यंदा थंडी कडाक्याची पडली की लोक विचारतात, कुठे आहे तुमची तापमानवाढ? त्यासाठी बाजारात जाऊन यावं. कोथिंबिरीची जुडी आज दहा रुपयांना मिळाली म्हणून महागाई कमी झाली असं आपण म्हणत नाही. जुडीचा भाव रोज खालीवर होतो, महागाई मात्र दहा वर्षांच्या हिशोबात दिसते. हवामान बदल हा महागाईसारखा आहे.

## वाढलेला एखादा अंश प्राण्याला मारतो कसा?

आपल्याला वाटतं, उष्माघाताने प्राणी पटापट मरत असतील. तसं क्वचित होतं. बहुतेक वेळा मार आडून बसतो.

मेक्सिकोतले काटेरी खवल्यांचे सरडे घ्या. १९७५ नंतर ज्या २०० ठिकाणी हे सरडे नोंदले गेले होते, तिथे संशोधक पुन्हा जाऊन आले. २०१० मध्ये त्यांनी मांडलं की त्यांतल्या १२ टक्के ठिकाणांहून सरडे गायब झाले आहेत. उन्हाने भाजून ते मेलेले नव्हते. विदर्भात मे महिन्यात मजूर पहाटे कामाला लागतो आणि अकरा वाजता सावली गाठतो. ही सुट्टी साडेनऊलाच घ्यावी लागली तर जीव वाचेल, पण मजुरी बुडेल. सरड्याचं तेच झालं. विणीच्या दिवसांत ऊन लवकर चढायला लागलं, त्याला बिळात बसावं लागलं, किडे टिपायचे तास घटले आणि मादीच्या अंगात पिल्लं वाढवण्याइतकी ताकद उरली नाही. एकही सरडा तडफडून मेला नाही, तरी वस्ती संपली.

डोंगरावरच्या प्राण्यांची कथा वेगळी. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात लोकांनी काय केलं? पाणी तळमजल्यावर आलं तेव्हा सामान पहिल्या मजल्यावर नेलं, तिथेही आलं तेव्हा गच्ची गाठली. गच्चीनंतर होडीची वाट पाहायची. तापमान वाढतं तसे डोंगरावरचे प्राणी आपल्याला मानवणारा गारवा शोधत वर सरकतात. पेरूमधल्या एका डोंगराची पक्षीगणना १९८५ मध्ये झाली होती. २०१७ मध्ये ती पुन्हा झाली, तेव्हा दिसलं की पक्षी सरासरीने वर सरकले आहेत आणि अगदी माथ्यावर राहणारे काही पक्षी दिसेनासे झाले आहेत. खालून येणाऱ्यांना जागा मिळाली. माथ्यावरच्यांना होडी नव्हती.

## काउआईचे डास

मला स्वतःला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण अमेरिकेतल्या हवाई बेटांचं आहे. तिथे हनीक्रीपर नावाचे चिमणीएवढे रंगीत पक्षी आहेत. कुणी फुलांतला मध पितात, कुणी सालीखालचे किडे टिपतात. एके काळी त्यांच्या पन्नासहून अधिक जाती होत्या, आता सतरा उरल्या आहेत.

हवाईत मुळात डासच नव्हते. १८२६ च्या सुमारास एका जहाजातल्या पाण्याबरोबर ते आले असं मानलं जातं. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरियाही आला. या रोगाशी कधी गाठच न पडलेल्या पक्ष्यांचा सखल भागात फडशा पडला. काही जातींना तर एकच चावा पुरतो. मग पक्षी उरले कुठे? उंचावर, थंडीत. साधारण पंधराशे मीटरच्या वर गारठ्यामुळे डास आणि रोगाचा जंतू दोघांचाही जम बसत नव्हता.

आता त्यांतल्या काउआई बेटाकडे पाहा. त्याचं सर्वांत उंच शिखर आपल्या कळसूबाईपेक्षाही थोडं ठेंगणं आहे, सोळाशे मीटरला दोन मीटर कमी. म्हणजे पक्ष्यांच्या हातात शंभरेक मीटरचा सुरक्षित पट्टा होता. तापमान वाढलं, डास वर चढले आणि तो पट्टाही गेला. तिथला आकिकिकी हा करडा-पांढरा पक्षी २०२३ मध्ये रानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारने २१ जाती नामशेष म्हणून आपल्या यादीतून काढल्या, त्यांत हवाईचे आठ पक्षी होते.

या आठांचा खुनी कोण? डास? डास आणणारं जहाज? जंगल तोडणारे? की डासाला वर जाण्याची वाट मोकळी करणारी उष्णता? अशा वेळी एकच नाव सांगा असा हट्ट धरण्यात अर्थ नसतो. घरातला माणूस जातो तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिलेलं असतं, पण वीस वर्षांचा मधुमेह, तंबाखू आणि वेळेवर न मिळालेलं औषध घरच्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. आजवरच्या बहुतेक प्रसंगांत हवामान बदल हा तेरावा महिना होऊन आला आहे. बारा महिने आपण आधीच खराब केले होते.

## “म्हणजे सगळा दोष हवामानाचाच का?”

नाही, आणि असं म्हणणाऱ्यांना थांबवायलाच हवं.

आपल्या नान्नजचा माळढोक उष्णतेने संपत आलेला नाही. माळरानं गेली, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. गिधाडं मेली ती गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. चित्ता शिकारीने गेला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मंचाने जगभरातल्या ऱ्हासाची कारणं क्रमाने लावली, तेव्हा जमीन आणि समुद्राचा बदललेला वापर पहिला, थेट शिकार आणि मासेमारी दुसरी आणि हवामान बदल तिसरा आला. प्रत्येक गोष्ट हवामानावर ढकलली की माळरानावर प्लॉट पाडणारा सुटतो. मला हे फार धोक्याचं वाटतं.

पण ही क्रमवारी बदलते आहे. बेडूक, भेक म्हणजे टोड, पालीसारखे दिसणारे सॅलमँडर अशा उभयचरांच्या आठ हजारांहून अधिक जातींचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ४१ टक्के जाती धोक्यात आढळल्या. २००४ ते २०२२ या काळात ज्यांची अवस्था बिघडली, त्यांतल्या ३९ टक्के जातींच्या बाबतीत हवामान बदल हे मुख्य कारण होतं. अधिवास, म्हणजे राहायची जागा, जाण्याचं कारण ३७ टक्क्यांवर होतं.

बेडकांनाच का? कारण त्यांची कातडी ओलीच राहावी लागते आणि अनेकांचं सगळं आयुष्य पावसाच्या वेळापत्रकावर बेतलेलं असतं. आंबोलीच्या जांभ्या सड्यावर एक छोटा भेक आहे. विज्ञानाने त्याचं बारसं केलं तेच मुळी २००९ मध्ये, आणि तो आंबोलीच्या परिसराबाहेर जवळपास नाहीच. पाऊस लागला की खडकातल्या बोटभर खोल डबक्यांत त्याची वीण होते. पावसाने मध्येच दडी मारली तर डबकं आटतं आणि आतले जीव तिथेच वाळतात. दुबार पेरणीचं संकट शेतकऱ्याला कळतं. या भेकावर तेच येतं, फक्त दुसऱ्यांदा पेरायला त्याच्याकडे बियाणं असेलच असं नाही.

कोस्टा रिकातल्या मोंटेवेर्देच्या ढगाळ जंगलातला सोनेरी भेक हे प्रामाणिकपणे सांगायचं दुसरं उदाहरण. १९८७ मध्ये दीड हजारांहून अधिक भेक विणीला जमले होते. १९८८ मध्ये दहाच्या आसपास दिसले. १९८९ मध्ये एकच नर दिसला आणि तो शेवटचा. बरीच वर्षं त्याला हवामान बदलाचा पहिला बळी म्हटलं गेलं. पुढच्या अभ्यासांत कातडीला लागणारी एक घातक बुरशी आणि १९८६-८७ च्या एल निनोने आणलेला कोरडा काळ यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हा या भेकाचं नाव घेताना वाद अजून मिटलेला नाही हेही सांगायला हवं. मेलोमिसच्या बाबतीत असा वाद फारसा नाही, कारण त्या बेटावर ना शेती होती ना गाव.

## “हवामान तर पूर्वीपासून बदलत आलंय की”

खरं आहे. पण पूर्वी बदललं तेव्हा काय झालं, तेही पाहू. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियातल्या प्रचंड ज्वालामुखींनी हवेत कार्बन डायऑक्साइड ओतला, पृथ्वी तापली आणि समुद्रातल्या दहापैकी आठांहून अधिक जाती संपल्या. त्यामुळे हा मुद्दा धीर देणारा मुळीच नाही.

उलट बाजूही आहे. गेल्या काही लाख वर्षांत हिमयुगं आली-गेली आणि बऱ्याच जाती त्यांतून तगल्या. शेवटचं हिमयुग ओसरताना पृथ्वी साधारण पाच-सहा अंशांनी तापली, पण त्याला सुमारे दहा हजार वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एक अंशाच्या वर गेलो आहोत आणि त्यातली बरीच वाढ गेल्या पन्नास वर्षांतली आहे. शिवाय तेव्हा प्राणी चालत निघाले तर वाटेत महामार्ग, कालवे, शहरं नव्हती. एसटी पंधरा मिनिटांत सुटणार असेल आणि रस्ता मोकळा असेल तर म्हातारं माणूसही गाठतं. दोन मिनिटं उरली आणि मध्ये चौपदरी रस्ता आला की तरुणालाही जमत नाही.

## “प्राणी जुळवून घेतील ना?”

काही घेतातच. फिनलंडमध्ये एका घुबडाचे करडे आणि तपकिरी असे दोन रंग आहेत. बर्फ कमी झाला तसे तपकिरी वाढले, कारण बर्फात ते उठून दिसायचे आणि मरायचे. ही डोळ्यांसमोर घडलेली निवड आहे. पण त्यासाठी तपकिरी घुबडं आधीपासून असावी लागतात आणि पिढ्या भराभर बदलाव्या लागतात.

कासवाचं तसं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर मी ते अगदी जवळून पाहिलं आहे. जाळीच्या कुंपणाच्या आत वाळूत घरट्यांच्या रांगा, प्रत्येकावर पाटी, पाटीवर अंडी ठेवल्याची तारीख आणि आकडा. कासवमित्राने सकाळी बांबूची टोपली उचलली तेव्हा वाळू आधी नुसती हलल्यासारखी झाली. मग एक काळपट नाक, मग एक वल्ह्यासारखा पाय, आणि बघता बघता मूठभर आकाराची वीस-पंचवीस पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून समुद्राच्या दिशेने. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावाला बरोबर घेऊन हे काम सुरू केलं. त्याआधी अंडी माणसं, कुत्रे, कोल्हे यांच्या तोंडी जायची.

त्या टोपलीखालची पिल्लं नर की मादी, हे बापाकडून ठरत नाही. वाळूच्या तापमानावरून ठरतं. एकोणतीस-तीस अंशांच्या आसपास दोन्ही होतात, त्याखाली नर जास्त, त्यावर माद्या जास्त. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची २०१८ मध्ये तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा अजून वयात न आलेल्या कासवांत ९९ टक्के माद्या निघाल्या. पूर्ण वाढलेल्यांत हे प्रमाण सुमारे ८७ टक्के होतं. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे काही काळ अंडी उलट वाढतीलही. गर्दी दिसेल, सगळं छान चाललंय असं वाटेल. आज वाळूतून निघालेलं पिल्लू वयात येऊन किनाऱ्यावर परतायला दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, तेव्हा कुठे हिशोब उघडा पडेल. शास्त्रज्ञ याला नामशेष होण्याचं कर्ज म्हणतात. कर्ज काढल्या दिवशी घरात पैसाच दिसतो.

## “ध्रुवीय अस्वलं तर वाढली म्हणे?”

काही भागांत वाढली, खरं आहे. त्याचं कारण १९७३ चा करार. पाच देशांनी बेसुमार शिकारीला आळा घातला आणि मारायचं थांबवलं की प्राणी सावरतो, हे त्यातून दिसलं. पण हे अस्वल बर्फावर उभं राहून सील पकडतं आणि बर्फाला पर्याय नाही. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१६ मध्ये ८४२ अस्वलं होती, २०२१ मध्ये ६१८. जगात मिळून अजून सुमारे २६ हजार आहेत. म्हणजे ती उद्या संपणार नाहीत, आणि घसरण खोटीही नाही.

प्रवाळाबद्दल एवढंच सांगतो की तोही प्राणीच आहे, आणि दीड अंश तापमानवाढीला उष्ण समुद्रांतले ७० ते ९० टक्के प्रवाळ नष्ट होतील असा अंदाज आहे. मालवणजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहेत.

## “अंदाज फुगवून सांगतात”

काही वेळा वाचणारे फुगवतात. २००४ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासात आलं की २०५० पर्यंत अभ्यासलेल्या जातींपैकी १५ ते ३७ टक्के नामशेष होण्याच्या वाटेला लागतील. बातम्यांत त्याचं ‘२०५० पर्यंत मरतील’ झालं. वाटेला लागणं आणि पोहोचणं यांत अनेक दशकं असू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २०२२ मध्ये दिलेला अंदाज अधिक जपून आहे. जमिनीवरच्या अभ्यासलेल्या जातींपैकी दीड अंशाला ३ ते १४ टक्के नामशेष होण्याच्या अतिशय मोठ्या धोक्यात, तीन अंशांना ३ ते २९ टक्के, पाच अंशांना ३ ते ४८ टक्के. खालचा आकडा जागचा हलत नाही, वरचा पळत सुटतो. एवढा रुंद पट्टा पाहून कुणी म्हणेल, यांना नक्की काही माहीत नाही. पण पावसाळ्यात धरणाखालच्या गावाला ‘पाणी गुडघाभर येईल किंवा छपराला लागेल’ असं सांगितलं तर गाव छपराच्या हिशोबानेच सामान हलवतं.

## वेळ असताना करता येतं ते

बरंच करता येतं, पण वेळेत. घरट्यांवर सावली धरली तर वाळू थंड राहते आणि नर पिल्लं निघतात. हवाईत प्रयोगशाळेत वाढवलेले खास नर डास हेलिकॉप्टरमधून जंगलात सोडले जात आहेत. त्यांच्याशी जोडी जमलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत, आणि नर चावत नाही. आकिकिकी पिंजऱ्यात सांभाळून वाढवले जात आहेत. यातलं काहीच तापमान कमी करत नाही. गच्चीवर अडकलेल्यांसाठी ही होडी आहे, एवढंच.

मेलोमिससाठीही होडी निघाली होती. २०१४ मध्ये बेटावर गेलेल्या मंडळींचा विचार काही उंदीर जिवंत पकडून आणायचा आणि सुरक्षित जागी त्यांची पैदास करायची, असाच होता. एका कोळ्याने त्या उंदराला शेवटचं पाहिलं होतं २००९ च्या अखेरीस. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, या उंदराला वाचवण्याचा सरकारी आराखडा तयार झाला होता. त्यात समुद्राची वाढती पातळी आणि वादळं यांचा उल्लेख होता, आणि पुढे लिहिलं होतं की या आराखड्याच्या मुदतीत त्यांचा मेलोमिसवर मोठा परिणाम होण्याची शक्यता नाही.